मोत माउलीचा जन्म बायबलमध्ये का सापडत नाही?

सप्टेंबर उजाडला की वांद्र्याच्या डोंगरावर जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोत माउलीची जत्रा असते. 'मोत' म्हणजे माउंट, डोंगर, आणि माउली म्हणजे येशूची आई मरिया. चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. पाय दुखणाऱ्याने मेणाचा पाय घ्यायचा, घर हवं असणाऱ्याने मेणाचं घर, मूल हवं असणाऱ्यांनी मेणाचं बाळ, आणि ते माउलीपुढे नेऊन ठेवायचं. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात.

याच रांगेत एकदा माझ्या पुढे कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. ती मोबाइलवर बराच वेळ शोधत राहिली आणि शेवटी मागे वळून म्हणाली, "काका, बायबलमध्ये हे कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नाही. मरियेचा जन्म बायबलमध्ये नाही, तिच्या आईवडिलांची नावंही नाहीत. आणि तरीही तिची जत्रा भरते. हे ऐकून काहींना धक्का बसतो. काहींना वाटतं, चर्चने काहीतरी लपवलेलं दिसतंय. २०२५ मध्ये नायसिया गावी भरलेल्या बिशपांच्या परिषदेला १७०० वर्षं झाली, नवे पोप लिओ त्या गावी जाऊन आले, आणि 'बायबलमधून गाळलेली पुस्तकं' हा विषय पुन्हा मोबाइलवर फिरू लागला. त्यातलं पुष्कळसं चूक आहे. खरी हकिकत त्याहून फार सुंदर आहे, म्हणून ती नीट सांगावीशी वाटते.

## बायबल मरियेबद्दल किती सांगतं?

थोडंच. येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाला मराठीत शुभवर्तमान म्हणतात. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूपासून पुढच्या भागात, अशी चार आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची. मरिया आपल्याला पहिल्यांदा भेटते ती नासरेथ गावातली, योसेफाशी वाङ्निश्चय झालेली तरुणी म्हणून. पुढे बाळाचा जन्म, काना गावचं लग्न, क्रुसापाशी उभी असलेली आई, आणि येशूनंतर शिष्यांसोबत प्रार्थनेला बसलेली मरिया. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रांत तर तिचं नावही येत नाही; येशू 'स्त्रीपासून जन्मला' एवढाच उल्लेख आहे.

ज्या बाईवर लोकांचा एवढा जीव जडला तिचं माहेर कुठलं, आईबाप कोण, लहानपण कसं गेलं, हे माणसांनी विचारणारच. दुसऱ्या शतकात कुणीतरी त्याचं उत्तर लिहिलं.

## आन्ना आणि योआकीम

या पुस्तकाला आज 'याकोबाचं आद्य शुभवर्तमान' म्हणतात. याकोब म्हणजे येशूचा भाऊ म्हणून ओळखला जाणारा. ग्रीक भाषेत लिहिलेलं, साधारण इ.स. १५० नंतरचं, एका बैठकीत वाचून होईल एवढं.

त्यात मरियेच्या आईचं नाव आन्ना आणि वडिलांचं योआकीम. योआकीम हा श्रीमंत माणूस. देवाला नेहमी दुप्पट अर्पण वाहायचा. एका सणाला तो अर्पण घेऊन पुढे झाला तेव्हा एकाने त्याला अडवलं: तुला मूलबाळ नाही, पहिलं अर्पण वाहण्याचा मान तुझा नाही. योआकीम घरी परतला नाही. रानात तंबू ठोकून चाळीस दिवस आणि चाळीस रात्री उपाशी राहिला. इकडे आन्नाला दोन दुःखं: मूल नाही, आणि आता नवराही परागंदा. तिने शोकाचे कपडे उतरवले, लग्नातली वस्त्रं नेसली, आणि तिसऱ्या प्रहरी बागेत एका झाडाखाली जाऊन बसली. वर पाहिलं तर फांदीत चिमण्यांचं घरटं.

तिथे ती रडून म्हणते, माझी तुलना कुणाशी करू? पाखरांशी नको, त्यांनाही पिलं होतात. जनावरांशी नको, पाण्याशी नको, या जमिनीशीही नको, कारण तीही वेळेवर पीक देते. अठराशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण आहे. मूल होत नाही म्हणून चारचौघांत अपमान सोसलेली कुठलीही बाई ते आजही ओळखेल.

देवदूत येतो, मूल होईल म्हणतो. योआकीम कळप घेऊन परततो, आन्ना वेशीपाशी वाट पाहत उभी असते, ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते. दिवस भरतात. आन्ना सुईणीला विचारते, काय झालं? सुईण म्हणते, मुलगी. आणि आन्ना म्हणते, आज माझा जीव धन्य झाला. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथे थांबलो होतो. त्या काळच्या लेखकाने मुलगी झाल्याचा एवढा निखळ आनंद लिहून ठेवला आहे.

सहा महिन्यांची मरिया सात पावलं चालते. तीन वर्षांची झाल्यावर आईबाप तिला यरुशलेमच्या मंदिरात सोडायला नेतात. याजक तिला वेदीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवतो आणि ती तिथे नाचू लागते. बारा वर्षांची झाल्यावर तिचा सांभाळ कोणी करायचा हे ठरवायला विधुर पुरुष आपापल्या काठ्या घेऊन जमतात. योसेफाच्या काठीतून कबुतर निघतं. योसेफ म्हणतो, मी म्हातारा, मला मुलगे आहेत, लोक हसतील.

पुढे येशूचा जन्म होतो तो एका गुहेत. त्या क्षणी योसेफ बाहेर उभा असतो आणि त्याला दिसतं की सगळं जग थांबलंय. पाखरं आकाशात जागच्या जागी. मजूर जेवायला बसलेत, हात ताटलीत, पण घास उचलला जात नाही. मेंढपाळाची उगारलेली काठी तशीच वर. करडांची तोंडं पाण्याला लागलीत, पण ती पीत नाहीत. मग एकदम सगळं पुन्हा चालू होतं.

## हे घडलेलं आहे का?

इतिहास म्हणून यावर विसंबता येत नाही. मरियेच्या जन्मानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी हे लिहिलं गेलं. यरुशलेमच्या मंदिरात लहान मुली ठेवून वाढवण्याची रीत होती, असा भरवशाचा पुरावा नाही.

शिवाय कथेचा साचा ओळखीचा आहे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात, हन्ना नावाची एक निपुत्रिक बाई आहे. ती देवापुढे रडते, मूल झालं तर तुझ्याच सेवेला देईन असा नवस बोलते, आणि शमुवेल झाल्यावर त्याला मंदिरात नेऊन सोडते. हन्ना आणि आन्ना हे एकच नाव, आधी हिब्रूत आणि मग ग्रीकमध्ये. लेखकाने जुनी कथा समोर ठेवून नवी विणली आहे.

त्याने ती का विणली याचाही अंदाज बांधता येतो. त्याच शतकात ख्रिस्ती धर्माचे विरोधक म्हणत होते की येशूची आई ही सूत कातून पोट भरणारी गरीब बाई, आणि मूल अनैतिक संबंधातलं. केल्सस नावाच्या तत्त्ववेत्त्याने हा आरोप लिहून ठेवला होता. आता पुस्तक पाहा. मरियेचा बाप श्रीमंत आहे. ती सूत कातते, पण ते मंदिराच्या पडद्यासाठी, जांभळं आणि किरमिजी. आरोपातला एकेक शब्द उचलून लेखकाने त्याला उत्तर दिलं आहे. आईची बदनामी होत असताना कुणीतरी लेखणी घेऊन उभं राहिलं, असं मला हे पुस्तक वाचताना वाटतं.

## 'अपोक्रिफा' म्हणजे नक्की काय?

ग्रीकमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ 'लपवलेलं'. पुढे तो 'प्रमाण यादीबाहेरचं' अशा अर्थाने वापरात आला. या प्रमाण यादीला कॅनन म्हणतात, आणि कॅनन म्हणजे मुळात मोजकाठी. ज्या पुस्तकांनी बाकी सगळं मोजायचं ती पुस्तकं.

इथे एक गोंधळ होतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. मधली सात (तोबीत, यहुदीथ, मक्काबी वगैरे) जुन्या करारातली आहेत, आणि प्रोटेस्टंट मंडळी त्यांनाही अपोक्रिफा म्हणतात. तो वाद वेगळा. इथे मी येशू, मरिया आणि शिष्य यांच्याबद्दलच्या त्या पुस्तकांबद्दल बोलतोय जी यातल्या कुणाच्याच बायबलमध्ये नाहीत.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. ज्ञानेश्वरीत कालांतराने पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली आणि बजावलं की यात जो आपली ओवी घालेल तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. ती ज्ञानेश्वरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. रेड्याने वेद म्हटल्याची गोष्ट तुम्हाला सापडणार नाही. ती संतचरित्रांतून आली. पण जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिथे डोकं टेकवायला जातात. ज्ञानेश्वरी प्रमाण, आणि रेड्याची कथा प्रिय. वारकऱ्याच्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतात.

## यादी कोणी ठरवली?

एका दिवसात कुणीच ठरवली नाही. इ.स. १८० च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात आयरेनियस नावाचे बिशप होते. शुभवर्तमानं चारच, असं त्यांनी ठासून लिहिलं. म्हणजे तोवर बऱ्याच ठिकाणी ही चारच वाचली जात होती, आणि पाचवं-सहावं मानणारेही होते.

व्यवहारात हे कसं घडत होतं याचं एक छान उदाहरण आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियाचे बिशप सेरापियन रोसस नावाच्या गावी गेले. गावकरी 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचत होते. बिशपांनी ते स्वतः वाचलेलं नव्हतं. हरकत नाही, वाचा, म्हणाले. नंतर पुस्तक मिळवून वाचलं, तेव्हा येशूचं दुःखभोग हे नुसतं दिसण्यापुरतं होतं असं मानणाऱ्या पंथात ते चालतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी पत्र पाठवून परवानगी मागे घेतली. त्यात त्यांनी लिहिलं की बरंचसं बरोबर आहे, पण काही भर घातलेली आहे.

पारख अशीच होत गेली. पुस्तक किती जुनं, शिष्यांच्या काळाशी त्याचा धागा लागतो का, दूरदूरच्या मंडळ्या ते उपासनेत वाचतात का, आणि आपण जे शिकत आलो त्याच्याशी ते जुळतं का. काही पुस्तकं बराच काळ उंबरठ्यावर होती. चौथ्या शतकातलं सिनाईचं प्रसिद्ध हस्तलिखित पाहिलं तर त्यात बर्णबाचं पत्र आणि 'हर्मासचा मेंढपाळ' ही दोन पुस्तकं नव्या करारासोबतच बांधलेली आहेत. शेवटी इ.स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी पुनरुत्थान सणानिमित्त लिहिलेल्या पत्रात नव्या कराराची आजची बरोबर २७ पुस्तकं नोंदवली. नेमकी तीच पुस्तकं असलेली ही आपल्याला माहीत असलेली पहिली यादी.

## "नायसियात सम्राटाने बाकीची पुस्तकं जाळली ना?"

नाही. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशपांना बोलावलं. वाद होता तो येशू पित्याच्या बरोबरीचा देव की निर्माण केलेला, यावर. पुनरुत्थान सणाची तारीख ठरली, शिस्तीचे २० नियम झाले. त्या नियमांत बायबलच्या यादीबद्दल एकही नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? नवव्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात असं आहे की नायसियात सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, आणि खरी तेवढी वर राहिली. परिषदेनंतर साडेपाचशे वर्षांनी रचलेली ही आख्यायिका. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने ती युरोपभर गाजवली. मोबाइलवर येणारा मजकूर हा तिचाच पणतू आहे.

पुस्तकं नष्ट झाली, हे मात्र पूर्ण खोटं नाही. अथनेशियसांच्या त्या पत्राने अपोक्रिफा वाचू नका असं सांगितलं, आणि जे वाचणं थांबतं त्याची नक्कल करणंही थांबतं. छपाईच्या आधीच्या जगात नक्कल थांबली की पुस्तक मेलं. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ जमिनीत पुरलेल्या रांजणात १३ जुनी हस्तलिखितं मिळाली, त्यांत 'थोमाचं शुभवर्तमान' पूर्ण सापडलं. जवळच पखोमियस या ख्रिस्ती साधूच्या परंपरेतले मठ होते. तिथल्याच कुणी साधूंनी ती पुरली असावीत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. जाळण्याऐवजी पुरली असतील, तर मला त्या अनामिक हातांबद्दल कृतज्ञता वाटते.

आन्नाच्या पुस्तकाला मात्र पुरावं लागलं नाही. त्याची शंभराहून अधिक ग्रीक हस्तलिखितं आज उपलब्ध आहेत. यादीबाहेर असूनही त्याची नक्कल होत राहिली.

## याकोबाचं नाव लावलं, ही फसवणूक नाही का?

पुस्तकाच्या शेवटी लेखक म्हणतो, मी याकोब, राजा हेरोद मेला तेव्हाच्या धामधुमीत हे लिहिलं. ते खरं नाही, आणि हा आक्षेप जुन्या ख्रिस्ती लोकांनीही गांभीर्याने घेतला होता. इ.स. २०० च्या सुमारास तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे की आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूने पौलाच्या नावावर कथा रचली. पकडला गेल्यावर त्याने कबूल केलं की हे पौलावरच्या प्रेमापोटी केलं. त्याला पद सोडावं लागलं.

प्रेम होतं, हे मला पटतं. आपल्याकडेही 'तुका म्हणे' लिहून अभंग रचणारे झाले, आणि त्यातले काही तुकोबांच्या गाथ्यांत जाऊन बसले. पण पद गेलं, हेही बरोबरच झालं. दुसऱ्याच्या नावाने बोलायचा हक्क प्रेमानेही मिळत नाही.

इथे विचारी वाचक म्हणेल की बायबलमधली चार शुभवर्तमानं तरी मत्तय-मार्क यांनी लिहिली कशावरून? रास्त प्रश्न आहे. त्या चारही पुस्तकांच्या मजकुरात लेखकाने आपलं नाव सांगितलेलं नाही; शीर्षकं मागाहून आली. फरक आहे तो काळाचा. ती चार साधारण इ.स. ७० ते १०० या काळातली, म्हणजे येशूला पाहिलेल्या माणसांच्या आठवणींच्या टप्प्यातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आन्नाची कथा त्या टप्प्याबाहेरची.

## यादीबाहेरचं पुस्तक पंचांगात शिरलं कसं?

पूर्वेकडे अडथळाच आला नाही. यरुशलेममध्ये बेथसदाच्या तळ्यापाशी मरियेचं जन्मस्थान दाखवलं जाऊ लागलं, तिथे चर्च झालं आणि तिथूनच ८ सप्टेंबरचा सण निघाला असं मानतात. सहाव्या शतकात रोमानोस या ग्रीक कवीने मरियेच्या जन्मावर स्तोत्र रचलं. सातव्या शतकात सण रोमला पोहोचला आणि पोप पहिले सर्जियस यांनी त्या दिवशी मिरवणूक ठरवून दिली. पूर्वेला ही कथा ख्रिस्ती धर्माच्याही पलीकडे गेली: मंदिरात वाढणारी मरिया, तिला मिळणारं अन्न, तिचा सांभाळ कोणी करायचा याचा कौल, हे सगळं कुराणातही भेटतं.

पश्चिमेत मात्र जेरोम आडवे आले. बायबल लॅटिनमध्ये आणणारा हा जबरदस्त विद्वान. योसेफाला आधीचे मुलगे होते, ही गोष्ट त्यांना मुळीच मान्य नव्हती. पुढे सहाव्या शतकात पोप गेलेसियस यांच्या नावावर फिरणाऱ्या एका यादीत असली पुस्तकं नाकारली गेली. मग सातव्या शतकाच्या आसपास कुणीतरी तीच कथा लॅटिनमध्ये नव्याने लिहिली आणि तिच्यापुढे जेरोम यांचीच पत्रं जोडली, त्यांनीच भाषांतर केल्यासारखी. ती पत्रं बनावट होती. ज्यांनी कथा झिडकारली त्यांच्याच नावाच्या पाठबळावर ती युरोपात फिरली.

या नव्या पुस्तकात बाळ येशूपुढे बैल आणि गाढव नमन करतात. लूकच्या शुभवर्तमानात नुसती गव्हाणी आहे, जनावराचं नाव नाही. नाताळात वसईच्या घरोघरी जो गोठा मांडतात, त्यातले बैल आणि गाढव शुभवर्तमानांतून आलेले नाहीत.

कथा घराघरांत पोचवण्याचं काम केलं ते धर्मसंघांनी. धर्मसंघ म्हणजे एखाद्या नियमाला बांधून घेऊन, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घेऊन एकत्र राहणाऱ्या साधूंचा किंवा साध्वींचा समूह. मठांनी हस्तलिखितं उतरवली. दहाव्या शतकात जर्मनीतल्या गांडर्सहाइमच्या मठातल्या ह्रोत्सविथा या कवयित्रीने आन्ना-योआकीमवर लॅटिन काव्य रचलं. १२२३ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी खराखुरा बैल आणि गाढव आणून नाताळ साजरा केला. त्याच शतकात डोमिनिकन संघाचे याकोबुस यांनी संतकथांचा एक मोठा संग्रह केला. त्याच्या सुमारे हजार हस्तलिखित प्रती आजही आहेत. तो संग्रह हाताशी धरून प्रवचनं झाली, आणि प्रवचनांतून चित्रं. १३०५ च्या सुमारास इटलीतल्या पादुआच्या चॅपलमध्ये चित्रकार जोत्तोने वेशीपाशी एकमेकांना मिठी मारणारे म्हातारे आन्ना आणि योआकीम रंगवले. दोघांचे चेहरे इतके जवळ आहेत की त्यांची जणू एकच मुद्रा झाली आहे.

## ल्यूथर आणि सांता आना

२ जुलै १५०५. कायदा शिकणारा एक तरुण घरून एर्फुर्ट शहराकडे परत निघाला होता. श्टोटर्नहाइम गावाजवळ वादळ सुटलं, वीज जवळच कोसळली, आणि तो ओरडला: सांता आना, वाचव, मी साधू होईन! सांता आना, म्हणजे मरियेची आई आन्ना, ही खाणकामगारांची संत होती, आणि त्याचे वडील तांब्याच्या खाणीच्या धंद्यात होते. जीव घाबरला तेव्हा घरातलंच नाव तोंडात आलं. पंधरा दिवसांत तो ऑगस्टिनियन संघाच्या मठात दाखल झाला. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर, पुढे ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला तो. आजचे पोप लिओ हे याच संघातून आलेले पहिले पोप.

पुढे ल्यूथर म्हणाला की धर्माचा आधार फक्त पवित्र शास्त्र. संतांचा धावा त्याने सोडला. पण १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलात जुन्या करारातला अपोक्रिफा त्याने फेकून दिला नाही. वेगळा काढून ठेवला, आणि वर लिहिलं की ही पुस्तकं शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयोगी आणि चांगली आहेत.

## कॅथलिक चर्चला हे माहीत नाही का?

चांगलं माहीत आहे. १५४६ मध्ये ट्रेंट गावच्या बिशपांच्या परिषदेने पुस्तकांची यादी अधिकृतपणे पक्की केली. १५६८ मध्ये पोप पाचवे पायस यांनी प्रार्थनाग्रंथ तपासताना २१ नोव्हेंबरचा सण, म्हणजे तीन वर्षांच्या मरियेला मंदिरात नेल्याचा दिवस, पंचांगातून काढला. १५८५ मध्ये पोप पाचवे सिक्स्तुस यांनी तो परत घातला. १९७४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी मरियेच्या भक्तीवरच्या पत्रात उघड लिहिलं की अशा काही सणांचा आशय अपोक्रिफामधला आहे, पण त्यांतून मोठी मूल्यं आणि पूर्वेकडच्या आदरणीय परंपरा पुढे आल्या आहेत.

'आद्य शुभवर्तमान' हे नावही सोळाव्या शतकातलंच आहे. गियोम पोस्तेल नावाच्या फ्रेंच विद्वानाने पूर्वेकडून हे पुस्तक आणलं आणि १५५२ मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर छापलं गेलं. पोस्तेल काही काळ जेझुइट संघात होता. त्याच शतकात वांद्र्याच्या डोंगरावर मरियेची मूर्ती आणून चॅपल उभारलं, ते जेझुइट धर्मगुरूंनी.

## मग जत्रा कशावर उभी आहे?

त्या मुलीने शेवटी हेच विचारलं होतं. पुस्तक प्रमाण नाही, तारीख ठाऊक नाही, मग इतकी माणसं कशासाठी येतात?

मी तिला सांगितलं ते असं. मरिया नावाची आई होती, याबद्दल गंभीर इतिहासकारांना शंका नाही. ती कधीतरी जन्मली आणि तिलाही आई होती. तिची खरी तारीख आणि आईचं खरं नाव हरवलं, जसं त्या काळच्या बहुतेक गरिबांचं हरवलं. रिकाम्या जागी लोकांनी एक नाव ठेवलं आणि एक दिवस ठेवला. चर्च त्या नावावरून सिद्धांत सिद्ध करत नाही. त्यासाठी ती २७ पुस्तकं आहेत. हे वेगळेपण कळलं तर कथा खोटी म्हणून फेकायला नको आणि इतिहास म्हणून भांडायलाही नको. तिला हे पूर्ण पटलं की नाही ते मला कळलं नाही. रांग पुढे सरकली होती.

गोव्यात तिसवाडीतल्या तळावली गावी सांता आनाचं मोठं पांढरं चर्च आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीचं. जुलैच्या शेवटी तिथे तवशांचं फेस्त भरतं. पावसाळ्यातली कोवळी तवसं, म्हणजे काकड्या, घेऊन मूल नसलेली जोडपी सांता आनाकडे येतात, तवसं तिच्यापुढे ठेवतात आणि मूल मागतात. झाडाखाली बसून चिमण्यांच्या घरट्याकडे बघत रडलेल्या आन्नाचं पुस्तक त्यांतल्या फारच थोड्यांनी वाचलेलं असेल. पण मूल मागायला कुणाकडे जायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.